वहिनी ‘चाललंय की’ म्हणते तेव्हा

इचलकरंजीहून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचं माहेर करवीर तालुक्यात, पंचगंगेच्या काठावर. गावाचं नाव त्यांनी लिहिलंय, इथे देत नाही. आई ७८ वर्षांची, चार वर्षांपासून स्मृतिभ्रंश. गेल्या पावसाळ्यात न्हाणीत घसरून खुबा मोडला, ऑपरेशन झालं, पण त्यानंतर आई धड उभी राहिलीच नाही. घरी भाऊ, वहिनी, बारावीतला भाचा आणि गोठ्यात दोन म्हशी. भाऊ शिरोलीच्या एका फाउंड्रीत शिफ्टमध्ये काम करतो. आईचं सगळं वहिनीच करते, तिचं वय ४६. ताई लिहितात: ‘वहिनी पार वाळलीय, बोलत नाही. विचारलं की “काय न्हाई, चाललंय की” एवढंच. बाई ठेवू म्हटलं तर नको म्हणते. आम्ही दोघी बहिणी महिन्या-दोन महिन्यांनी जातो, फळं आणि डायपर देऊन येतो. तिला नेमकं काय हवंय हे कसं ओळखायचं आणि आम्ही काय करायचं? भाऊ आता आईला वृद्धाश्रमात ठेवूया का, असंही म्हणतोय.’

ताई, तुम्ही प्रश्न आईबद्दल न विचारता वहिनीबद्दल विचारलात, याचं मला फार बरं वाटलं. मी वैद्यकीय समाजसेविका आहे. गेली २३ वर्षं कोल्हापूर शहरात आणि आसपासच्या तालुक्यांत घरोघरी जाऊन काम करते. लोक मला जखमेबद्दल विचारतात, भुकेबद्दल, गोळ्यांबद्दल विचारतात. जी बाई रात्रंदिवस करते तिच्याबद्दल, तेही तिच्या नणंदेनं विचारावं, असं क्वचित होतं. रुग्णाची जाडजूड फाइल असते. तीत करणाऱ्या बाईची नोंद एकाच जागी सापडते, ‘सोबत कोण’ या रकान्यात. तिथे ‘सून’ लिहिलेलं असतं. नावही नसतं.

इंग्लंडमध्ये २०१४ च्या केअर ॲक्टनं घरी आजाऱ्याला सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या गरजा तपासून मागण्याचा वेगळा हक्क दिला आहे. म्हणजे रुग्णाला काय हवं ते एकीकडे, आणि सांभाळणाऱ्याला काय हवं ते त्याच्या स्वतःच्या नावानं दुसरीकडे. आपल्याकडे वहिनीच्या दारात असं विचारायला कुणी येणार नाही. ते घरच्या माणसालाच करावं लागतं, आणि तुम्हाला ते जमेल.

पहिलं म्हणजे ‘कशी आहेस’, ‘थकलीस का’, ‘काही हवंय का’ हे तिन्ही प्रश्न बंद करा. तुम्ही मायेनं विचारता, पण सुनेच्या कानाला नणंदेचा असा प्रश्न परीक्षेसारखा लागतो. थकले म्हणावं तर सासूचं करायला कुरकुरते असा अर्थ निघेल, आणि बोट तिच्या माहेराकडे जाईल. म्हणून ती म्हणणार, ‘मी कुठं थकलोय?’ ‘काही हवंय का’ हा तर आणखी अवघड प्रश्न. काय हवं ते तिनं शोधायचं, त्यातलं कुणाला काय सांगावं ते ठरवायचं आणि वर मागितल्याचं ओझं घ्यायचं.

त्याऐवजी घड्याळ विचारा. ‘काल रात्री किती वेळा उठलीस?’ ‘पहाटे गोठ्यात जातेस तेव्हा आईजवळ कोण असतं?’ ‘काल दुपारचं जेवण किती वाजता झालं? ताटावर बसून, की उभ्या उभ्या?’ ‘डोक्यावरनं अंघोळ कधी केलीस?’ ‘माहेरी शेवटचं कधी राहिलीस?’ अशा प्रश्नांना ‘चाललंय की’ हे उत्तर बसत नाही. आकडा सांगावा लागतो, आणि आकडा सांगताना बाईचा आवाज बदलतो, हे मी कितीतरी घरांच्या सोप्यांत, पुढच्या बैठकीत बसून ऐकलंय.

हे सोप्यात सगळ्यांसमोर विचारू नका. भाऊ शेजारी बसलेला, आई कॉटवर, तुम्ही पाहुण्यासारख्या खुर्चीवर, असं असेल तर एक शब्द खरा निघणार नाही. ती वैरण टाकायला गेली की मागे जा. नाहीतर घरामागच्या परड्यात बसून भाजी निवडा, लसूण सोला. दोघींचे हात कामात आणि नजर कामावर असली की आमच्या बायका बोलतात. एका घरी सगळ्यांदेखत ‘काही त्रास नाही’ म्हणालेल्या सुनेनं मेथी निवडताना मला सांगितलं, की सासऱ्यांना नळी लागल्यापासून ती सलग दोन तास झोपलेली नाही. आम्ही एकाच घरात होतो, फक्त माजघरातून परड्यात आलो होतो.

असा एक पूर्ण दिवस, पहाटेपासून दुसऱ्या पहाटेपर्यंत, तिच्या तोंडून काढून घ्या आणि घरी आल्यावर वहीत लिहा. गाठ कुठे बसलीय ते तुम्हालाच दिसेल. तुमच्या घराची एक गाठ मला इथूनच दिसते. स्मृतिभ्रंशाच्या बऱ्याच रुग्णांची अस्वस्थता दिवस मावळताना वाढते. ‘मला घरी सोडा’, ‘पोरं शाळेतनं आली नाहीत’ असं सुरू होतं, कॉटवरून उतरायची धडपड होते. आणि नेमकी तीच वेळ संध्याकाळच्या धारेची. डेअरी बंद व्हायच्या आत दूध घालायचं असतं. म्हणजे आईला माणूस सगळ्यात जास्त जेव्हा लागतं, तेव्हाच वहिनीला गोठ्यात जावं लागतं. परत येते तर आई कॉटच्या कडेवर किंवा सगळं ओलं केलेलं. रोजचा हा एक तास तिच्या उरलेल्या दिवसावर सावट धरून असतो.

यावर भाऊ म्हणेल, ‘म्हशी विकून टाकू.’ ते वहिनीला विचारल्याशिवाय होऊ देऊ नका. दर दहा दिवसांनी येणारं दुधाचं बिल हा बऱ्याच घरांत बाईच्या हातात पडणारा एकमेव पैसा असतो. दिवाळीला डेअरीकडून मिळणारा दरफरकही त्यातच. गोठा हे तिचं कष्टाचं काम आहे हे खरं, पण ते तिचं स्वतःचं कामही आहे. कदाचित ती म्हणेल एक विकू, कदाचित म्हणेल संध्याकाळची धार नवऱ्यानं किंवा पोरानं काढावी. कदाचित असंही निघेल, की गोठ्यातला तो अर्धा तासच तिला एकटीला मिळतो आणि तो तिला हवाच आहे, फक्त तेवढ्यात आईजवळ कुणीतरी बसावं. मग गल्लीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला किंवा शेजारच्या काकींना रोजचा तो एक तास पैसे देऊन ठरवता येतो, आणि ते पैसे तुम्ही दोघी बहिणी देऊ शकता. पण तिला यातलं काय हवं ते तिनंच सांगायला हवं. गरज ओळखणं म्हणजे आपल्या मनातला उपाय तिच्या गळ्यात घालणं नव्हे.

आता एक बोलते, ते तुम्हाला लागेल. आई फोनवर तुम्हाला कधी म्हणाली असेल, ‘ही मला जेवायला देत नाही’, ‘माझ्या पाटल्या हिनंच घेतल्या.’ हा आजाराचाच भाग आहे. जेवण झाल्याचं डोक्यात राहत नाही. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवलेली असते, ती आठवत नाही, मग मन चोर शोधतं. आणि चोर ठरतं ते दिवसभर डोळ्यांसमोर असणारं माणूस. तुम्ही महिन्यातून एकदा जाता म्हणून तुम्ही गुणाच्या, ती रोज करते म्हणून ती वाईट. मला भेटलेल्या सुनांना अंगमेहनतीपेक्षा हे जास्त जिव्हारी लागलेलं आहे, आणि त्याहून जास्त लागलेला असतो नणंदेचा एक साधा प्रश्न: ‘वहिनी, आई जेवली का गं आज?’ तो प्रश्न तुम्ही कधी विचारला असेल, नुसता सहज का असेना, तर पुढच्या भेटीत सरळ सांगा, ‘मला आजार कळला नव्हता, चुकलं माझं.’ एवढ्यानं जे मोकळं होतं ते फळांच्या पिशवीनं होत नाही.

देशात साठीच्या पुढच्या माणसांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीतून दिसलं आहे. त्यातल्या बहुतेकांना घरातलीच कुणीतरी सांभाळते आहे. तरी अजून कितीतरी घरांत याला ‘म्हातारचळ’च म्हणतात, आणि आजार म्हटला जात नाही म्हणून तो सांभाळण्याला कामही म्हटलं जात नाही.

सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायच्या शास्त्रीय प्रश्नावल्या आहेत. सगळ्यात प्रसिद्ध झॅरिट यांची. त्यात २२ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. जितके गुण जास्त तितका भार जास्त. मी ती वापरते, पण पहिल्या भेटीत कधीच नाही. ‘तुमच्या नातेवाइकामुळे तुम्हाला लाज वाटते का’, ‘राग येतो का’ असं छापील प्रश्नातून विचारलं की आमच्या बायका शून्याच्या पुढे जात नाहीत. एका काकींनी सगळ्याला ‘कधीच नाही’ सांगितलं आणि शेवटचा प्रश्न झाल्यावर पदर डोळ्याला लावला. कागदावर भार शून्य होता. म्हणून आधी दिवस ऐकायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत ओळख मुरली की मग प्रश्नावली काढायची. तेव्हा तिचा उपयोग होतो, कारण सहा महिन्यांनी तीच पुन्हा भरली की फरक पडला की नाही ते कळतं. तुम्हाला ती भरायची गरज नाही. तुमची वही पुरे.

झोपेबद्दल थोडं जास्त सांगते, कारण मी घर तपासायला गेले की सुरुवात तिथूनच करते. सलग चार तास झोप आठवड्यातून एकदाही मिळत नसेल, तर बाकी सगळी मदत बाजूला ठेवून आधी रात्र मोकळी करायची. रात्री वहिनी कशासाठी उठते ते एकेक करून बघा. लघवीसाठी असेल, तर रात्री जास्त शोषणारा डायपर वापरता येतो. पाणी दिवसा भरपूर आणि संध्याकाळनंतर थोडं कमी द्यावं, एकूण मात्र कमी करू नये. आईला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा. कूस बदलायला उठत असेल, तर साध्या गादीवर दोन तासांनी बदलावीच लागते. एअर बेड असेल आणि पाठ, माकडहाड, टाच कुठेही लाल होत नसेल, तर नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवून रात्रीचं अंतर वाढवता येतं. आणि आई ओरडते म्हणून उठत असेल, तर दुखणं आणि बद्धकोष्ठ आधी तपासा. स्मृतिभ्रंशाचं माणूस ‘दुखतंय’ म्हणत नाही, हाका मारतं. मेडिकलमधून परस्पर झोपेची गोळी आणून देऊ नका. त्यानं माणूस जास्त गोंधळतं, पडतं, घास ठसकतो.

इथे तुमच्या भावाचं काम आहे. फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा पहाटे उठावं लागतं हे मान्य. पण ज्या आठवड्यात सेकंड शिफ्ट असते, त्या आठवड्यात घरी आल्यापासून पुढचे चार तास आई त्याची आणि वहिनी दुसऱ्या खोलीत, दार लावून. डायपर बदलायला त्याला संकोच वाटेल. तो मी समजू शकते, आईलाही वाटेल. पण पाणी देणं, कूस बदलणं, हाकेला ओ देणं यात संकोच कसला? मुलांनी आईचं केलेलं मी पाहिलंय, फार हळुवारपणे करतात. त्यांना कुणी शिकवलेलं नसतं आणि कुणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

शिकवण्याचंच घ्या. खुब्याचं ऑपरेशन करून आईला घरी आणलं तेव्हा वहिनीला कुणी हाताला धरून दाखवलं का, की उचलायचं कसं, कुशीवर कसं वळवायचं? बहुतेक ठिकाणी गोळ्यांची चिठ्ठी देतात आणि ‘काळजी घ्या’ म्हणतात. मग बाई काखेत हात घालून माणूस ओढते, आणि दोन महिन्यांत तिचीच कंबर जाते. एका फिजिओथेरपिस्टला दोन वेळा घरी बोलवा. एकदा आईसाठी, एकदा फक्त वहिनीला शिकवण्यासाठी, आणि दुसऱ्या वेळी भाऊ आणि भाचा समोर हवेतच. खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुमडलेली चादर आईखाली कायम ठेवायची आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवायचं. कुशीवर वळवलं की दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. ऑपरेशनच्या बाजूवर वळवायचं की नाही हे सर्जनना विचारून घ्या. कॉट वहिनीच्या कमरेइतकी उंच असली तर तिचं वाकणं वाचतं, पण आई उतरायची धडपड करत असेल तर उंच कॉट धोक्याची. उंची कमी-जास्त होणारी कॉट भाड्यानं मिळते का ते बघा. महिन्याला फळांवर जाणारा पैसा तिकडे वळवा. खरं सांगते, आईला एवढी फळं लागत नाहीत.

वहिनीच्या शरीराकडे आता वेगळं बघा. ४६ हे वय पाळी जाण्याच्या आसपासचं. अंगावरून जास्त जाणं, रक्त कमी असणं, घामाच्या वाफा, झोप उडणं हे सगळं याच वयात येतं आणि सगळं ‘सासूचं करून वाळलीय’ या एका वाक्याखाली दडतं. वजन उतरणं हे थायरॉईडचं, साखरेचं किंवा आणखी कशाचंही असू शकतं. तिला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तिची पट्टी बघा, किती तारखेपासून तशीच आहे. सतत ओल्यातलं काम असल्यानं बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. आईला दवाखान्यात न्यायचं असेल त्याच दिवशी, त्याच गाडीत, वहिनीचाही केसपेपर काढा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात असो की तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे. तिच्यासाठी वेगळा दिवस काढायचा म्हटलं तर तो कधीच निघणार नाही.

हे मी भीती घालायला सांगत नाही, पण अमेरिकेत १९९९ साली एक अभ्यास छापून आला होता. आजारी जोडीदाराचं करणारी आणि त्याचा ताण सोसणारी म्हातारी माणसं चार वर्षं पाहिली. ज्यांना असं काही करावं लागत नव्हतं त्यांच्यापेक्षा यांच्यात मृत्यूचा धोका ६३ टक्के जास्त निघाला. वहिनी त्यांच्या वयाची नाही, पण करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं हे त्यातून पुरेसं कळतं.

मनाचं विचारणं सगळ्यात अवघड, आणि तेच टाळलं जातं. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस उदास वाटलं का, कशातच मन लागत नाही असं झालं का, हे दोन प्रश्न विचारा. दोन्हींपैकी एकालाही ‘हो’ आलं तर पुढचा प्रश्न सरळ विचारा: ‘जगणं नको असं वाटतं का कधी? जिवाचं काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर तो बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल, तर त्या रात्री तिला एकटं ठेवू नका, गोठ्यातली आणि शेतातली औषधं कुलपात घाला आणि दुसऱ्या दिवशी मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन जा. रात्री-अपरात्री टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक प्रश्न आहे, तो नणंदेनं विचारणं मुश्कील, पण तुमच्यात तेवढा विश्वास झाला तर विचारा. ‘कधी हात उगारला गेला का?’ रात्री चौथ्यांदा चादर ओली झाली, आईनं चावा घेतला, आणि हातून चापट बसली. असं होतं. चांगल्या, मायाळू बायकांच्या हातून होतं. त्यानंतर त्या बाया स्वतःला माफ करत नाहीत आणि कुणाला सांगतही नाहीत. तुम्हाला असं काही सांगितलं गेलं तर दोन गोष्टी एकाच वेळी सांभाळायच्या आहेत. आईला मार बसता कामा नये, त्याला सूट नाही. आणि वहिनीला गुन्हेगारासारखं वागवायचं नाही. ‘त्या दिवशी तुला किती झोप मिळाली होती?’ हे विचारा. हात उगारला जाईल असं वाटताच आईची कॉट सुरक्षित करून खोलीतून पाच मिनिटं बाहेर पडायचं आणि तुम्हाला फोन करायचा, एवढं तिच्याशी ठरवा. पण त्या आठवड्यापासून रात्रीला दुसरं माणूस हवंच.

बाई ठेवायला ती नको का म्हणते, याचं कारण पैशापुरतं नसतं. ‘सून असून बाई ठेवली’ हे गल्ली आणि भावकी बोलणार, याची तिला धास्ती असते. सासूच्या अंगाची स्वच्छता परक्या हाताला द्यायची तिला लाज वाटते. शिवाय आलेल्या बाईला शिकवणं, तिचा चहा, तिच्यावर नजर, हेही तिलाच पाहावं लागणार. म्हणून सुरुवात सासूच्या कामापासून करू नका. धुणं, शेणघाण, चुलीपुढचं यातलं काय बाहेर दिलं तर चालेल ते विचारा. सासूचं मी करते, बाकीचं कुणीतरी करा, असं म्हणणाऱ्या सुना खूप आहेत. आणि भावकीपुढे एकदा तुम्ही म्हणा, ‘बाई आम्ही नणंदांनी लावलीय, वहिनीनं नाही.’ तुमच्या तोंडून आलेल्या या वाक्याला गावात वजन आहे.

आता तुम्ही दोघी. महिन्या-दोन महिन्यांनी दुपारी जाऊन संध्याकाळी परत येणं ही मदत नव्हे, हे मी स्पष्टच सांगते. त्या दिवशी वहिनीला पाहुण्यांचा स्वयंपाक पडतो. ठरलेले, पूर्ण, न मागता मिळणारे दिवस द्या. दर महिन्याचा दुसरा शनिवार-रविवार एकीचा, चौथा दुसरीचा, असं कॅलेंडरवर लिहून टाका. त्या दोन रात्री आई पूर्णपणे तुमची आणि वहिनी घराबाहेर. माहेरी जाईल, बहिणीकडे जाईल, नाहीतर माडीवर झोपून राहील, तो तिचा प्रश्न. पहिल्या खेपेला एक दिवस आधी जाऊन ती कसं करते ते बघा आणि लिहून घ्या: कुठल्या वाटीतलं खाते, कुठल्या कुशीवर शांत होते, चिडली की काय बोललं की निवळते. पहिल्या वेळी वहिनी बहुधा रात्रीच परत येईल. येऊ दे. दुसऱ्या वेळी राहील. ती गेल्यावर ‘ते कुठं ठेवलंय’ विचारायला फोन करू नका, सापडेल तुम्हाला.

आणि ती परत आल्यावर चुकूनही म्हणू नका, ‘माझ्याजवळ आई किती शांत राहिली.’ खरं असलं तरी म्हणू नका. दोन दिवस शांत राहणं वेगळं आणि चार वर्षं वेगळं, हे तिला माहीत असतं. तुमच्या त्या वाक्यानं मात्र तिची चार वर्षं खोटी पडतात.

इचलकरंजीत बसून होण्यासारखी कामंही आहेत: औषधं आणि डायपर संपायच्या आत पोचवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, कागद करणं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत. त्यातून दवाखान्यात दाखल झाल्यावरचा उपचार होतो, घरचे डायपर आणि बाईचा पगार होत नाही, हे लक्षात ठेवून पैशाचा हिशेब करा. तुमचा वाटा किती ते ठरवून दर महिन्याच्या एक तारखेला वहिनीच्याच खात्यावर टाका, भावाच्या नाही. गावच्या आशाताईंशीही बोलून ठेवा. त्या घरावरून जाताना आत डोकावल्या तरी वहिनीला कुणीतरी विचारणारं मिळतं.

भाच्याला विसरू नका. बारावीचं पोरगं आजीच्या हाकांनी रात्री जागं राहत असेल तर तेही तुमच्या वहीत यायला हवं. त्याच्याशीही वेगळं बोला. त्याला मदत करायची असेलही, पण किती, ते त्याच्या तोंडून येऊ द्या. आणि अभ्यासाला शेजारी किंवा वाचनालयात बसायची सोय लावून द्या.

नदीकाठचं घर आहे म्हणून हे लिहिणं भाग आहे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, चिखली, आंबेवाडी अशा गावांतून माणसं बोटीनं बाहेर काढावी लागली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. चालतं माणूस पाणी दारात आल्यावर निघू शकतं, कॉटवरचं नाही. त्यामुळे तुमच्या घरानं धोक्याची वाट बघायची नाही. इशारा पातळीकडे पाणी सरकायला लागलं की आईला तुमच्याकडे किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे हलवायचं. कुणाच्या गाडीतून, कुणाच्या घरी, एअर बेडचा पंप आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या कोण घेणार, हे मे महिन्यातच ठरलेलं असावं. पाऊस लागला की वहिनीला हीच एक काळजी आतून पोखरत असणार, आणि ती कुणाजवळ बोललेली नसणार. विचारून बघा. म्हशींचं काय, हेही त्याच यादीत लिहा, नाहीतर ती घर सोडणार नाही.

आई एकदम, दोन-तीन दिवसांत, जास्त बरळायला लागली, गुंगीत गेली किंवा जेवण सुटलं, तर ते ‘आजार वाढला’ म्हणून सोडू नका आणि ‘वहिनीचं लक्ष नाही’ म्हणूनही नाही. लघवीतला जंतुसंसर्ग, छातीतला कफ, पाणी कमी पडणं, नवी गोळी यातलं काहीतरी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शेवटी भावाचा प्रश्न, वृद्धाश्रमाचा. ज्या वृद्धाश्रमांत चालतीफिरती माणसं घेतात तिथे तुमच्या आईचं होणार नाही. तिला चोवीस तास नर्सिंग असलेली जागा लागेल. तशी जागा बघायची तर आधी न कळवता रात्री जाऊन या, एका माणसामागे किती रुग्ण आहेत विचारा, कॉटवरच्या माणसांच्या टाचा बघा. ठेवणं म्हणजे टाकणं, असं मी मानत नाही. वहिनीची तब्येत ढासळली, रात्रीचं माणूस मिळेना, किंवा आईला घरी सुरक्षित ठेवता येईना, तर ठेवायलाच हवं, आणि मग भावकीला उत्तर तुम्ही बहिणींनी द्यायचं. पण वर लिहिलेलं तीन महिने करून बघा. बऱ्याच घरांत रात्र मोकळी झाली आणि महिन्यातले चार दिवस मिळाले की हा प्रश्न काही काळ मागे पडतो.

हे ठरवायला तुम्ही सगळे एकदा एकत्र बसाल. भाऊ बोलेल, तुम्ही दोघी बोलाल, जावईही बोलतील. वहिनी तेव्हा चहा ठेवायला आत गेलेली असते, दर घरात. त्या दिवशी चहा तुम्ही करा, आणि तो होईपर्यंत कुणी बोलायला सुरुवात करू नये असं आधीच सांगून ठेवा. वहिनीला कॉटच्या पायथ्याशी नव्हे, सगळ्यांमध्ये खुर्चीवर बसवा आणि तुमची वही तिच्या हातात द्या.